झूराने टाळलेले तीन शब्द

लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत झूरा पहिल्यांदा 'सोनं' हा शब्द मोठ्याने बोलली ती कोक-जारच्या वाचनालयात, मंगळवारी भर दुपारी, नऊ विद्यार्थ्यांच्या साक्षीने. बोलली ती इंग्रजीत.

"गोल्ड."

शब्द निसटला आणि तिचा हात आपोआप ओठांवर गेला. डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत पुढे आला. तिने दाराकडे पाहिलं. खाकरत कुणी आत आलं नाही. छत जागच्या जागी होतं. नदीकाठच्या शेडमधल्या यंत्रांची घरघर खिडकीतून येत होती, तीही तशीच चालू राहिली.

"बरोबर, एजे," शिकवणारी नुरझात म्हणाली. वयाने मोठ्या बाईला सगळं गाव एजेच म्हणतं. "पुन्हा म्हणा."

"पुन्हा म्हणू?"

"म्हणा की."

"गोल्ड," झूरा म्हणाली. मग जरा मान वर करून, "गोल्ड!" आणि मग एखाद्या पोरीने बर्फाचा गोळा फेकावा तसं, "गोल्ड, गोल्ड, गोल्ड!"

"पुरे एजे, भाव चढतील!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

सगळे हसले. झूराही हसली. पण त्या शब्दाची चव तिच्या जिभेवर संध्याकाळपर्यंत राहिली.

त्याचं असं आहे. घरात सून आली की तिने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, ही त्या डोंगरातली जुनी रीत. नुसतं नाव नव्हे, नावात दडलेला शब्दसुद्धा नाही. सासऱ्याचं नाव 'दगड' असेल तर सुनेने रस्त्यातल्या दगडालाही दुसरं काहीतरी म्हणायचं. कुणाला दोन शब्द सोडावे लागतात, कुणाला एक. झूराच्या वाट्याला तीन आले आणि तिन्ही रोजच्या कामाचे. सासऱ्याचं नाव अल्तिनबाय, म्हणजे सोनं गेलं. थोरल्या दिराचं नाव बझारबाय, म्हणजे बाजार गेला. मधल्याचं नाव जांगीबाय. त्या बोलीत जांगी म्हणजे नवं. नवं गेलं तशी बातमीही गेली, कारण 'बातमी' हा त्यांचा शब्द 'नवं' याच शब्दाला शेपूट लावून झालेला.

मग झूराने आपले शब्द घडवले. सोनं म्हणजे 'पिवळी'. बाजार म्हणजे 'गर्दीची जागा'. नवं म्हणजे 'कालपर्यंत नसलेलं'. नवरा तुरसुन तिला चिडवायचा, "तुला कालपर्यंत नसलेले बूट गर्दीच्या जागेतून आणू का?" ती म्हणायची, "आणा अहो, पण तुमच्या मापाचे नकोत."

या झूराने सत्तावीस वर्षं तालुक्याच्या नाटकघरात काम केलं. रंगमंचावर मात्र ती कधी आली नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक लाकडी पेटी होती. तिच्यात बसायचं, पाठ प्रेक्षकांकडे, तोंड नटांकडे, मांडीवर संहिता. नट अडला की त्याच्या कानापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाही, एवढ्याच आवाजात पुढचं वाक्य द्यायचं. सुनेने नाटकात जावं की नाही यावर घरात तीन दिवस चहा उकळला होता. शेवटी सासरे म्हणाले होते, "पेटीत बसते ना? दिसत नाही, ऐकू येत नाही. मग जाऊ दे."

पण पेटीतही रीत सुटली नाही. एकदा राजधानीतून मोठा नट आला. राजाची भूमिका. ऐन दरबाराच्या प्रवेशात त्याला वाक्य सुचेना. खालून झूराने कुजबुजून दिलं, "माझ्या पिवळीच्या सिंहासनाची शपथ." घरचे नट असते तर त्यांनी तिथल्या तिथे 'पिवळी'चं 'सोनं' केलं असतं, त्यांना सवय होती. हा पाहुणा! छाती फुगवून तो गरजला, "माझ्या पिवळीच्या सिंहासनाची शपथ!"

 आधी बायका हसल्या, कारण पेटीत कुणाची सून बसली आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग सगळं नाटकघर हसून लोळलं. तिसऱ्या रांगेत अल्तिनबाय स्वतः बसले होते, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून. डोळे पुसत ते शेजाऱ्याला सांगत होते, "माझी सून आहे ती! माझी सून!" अशी हसण्याची लाट एकदा अंगावर घेतलेला माणूस ती मरेपर्यंत विसरत नाही. झूराच्या तर ती पाठीवर आली होती, कारण पेटीत बसणाऱ्याला प्रेक्षक कधी दिसत नाहीत.

पुढे नाटकघराचं छप्पर गळायला लागलं आणि मग ते बंदच झालं. पेटी कुणीतरी कोंबड्यांसाठी नेली. झूरा घरी बसली. पण शब्दांची सवय लागलेली बाई घरात नुसती किती दिवस बसणार? वाचनालयात इंग्रजीचा वर्ग निघाला तशी ती वही घेऊन पहिल्या बाकावर हजर.

वर्गाला पुस्तक नव्हतं. नुरझात राजधानीत शिकलेली. तिने गावाची नाडी ओळखली. नदीकाठी यंत्रांची शेड झाल्यापासून निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. आत आभासी चलनाची नाणी कशी 'खणली' जातात, हे मात्र कुणाला धड सांगता येत नव्हतं. म्हणून नुरझात दर मंगळवारी आभासी चलनाच्या इंग्रजी बातम्या छापून आणायची. त्यातूनच वाचायचं, त्यातूनच शिकायचं.

झूराला पहिल्या आठवड्यातच शोध लागला की ही भाषा म्हणजे मोकळं कुरण आहे. इंग्रजीत तिचा सासरा नव्हता, दीर नव्हते. गोल्ड म्हणा, मार्केट म्हणा, न्यू म्हणा, न्यूज म्हणा, कुणी भुवई उचलत नव्हतं. आणि त्या बातम्यांत नेमके हेच शब्द ओळीओळीला!

ती शब्द पाठ करायची नाटकवाल्यांच्या पद्धतीने. शब्दाचा अर्थ लिहून ठेवायचा नाही. तो कुणाच्या मागून येतो, आला की काय करतो, कुणाला ढकलून जातो, ते पाहायचं आणि जुन्या नटांपैकी एकाला ती भूमिका देऊन टाकायची. 'व्होलटाइल' शब्द आला. भाव एका तासात आभाळाला, दुसऱ्या तासात पाताळात.

"हा तर आमचा असानाली!" झूरा ओरडली. "हसवायच्या प्रवेशात रडायचा, रडायच्या प्रवेशात दारू पिऊन हसायचा. त्याच्या समोर उभं राहायला कुणी तयार नसे."

असानालीला पाहिलेले दोघे-तिघे वर्गात होतेच. तो शब्द पुन्हा कुणी विसरलं नाही.

प्रश्न विचारण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

"बर्न म्हणजे जाळणं," नुरझात सांगत होती. "कंपनीने इतकी नाणी जाळली, असं बातमीत येतं."

"राख कुठं टाकतात?"

"राख नसते, एजे. ज्याची किल्ली कुणाकडेच नाही अशा पत्त्यावर नाणी पाठवून देतात. परत काढता येत नाहीत."

"मग ते जाळणं कसं झालं?" झूराने पेन्सिल खाली ठेवली. "ते पुरणं झालं. आणि कुठं पुरलंय ते सगळ्या जगाला दिसतंय म्हणतेस. मग जाळलं का म्हणतात गं?"

नुरझातने कागद उलटा करून पाहिला, जणू उत्तर मागे छापलेलं असावं. "विचारून सांगते," ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी तिने कबूल केलं की ज्याला विचारलं त्यालाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस 'पेग' शब्दावर वर्ग अडला. अमुक नाणं डॉलरला 'पेग' केलेलं आहे, असं वाक्य होतं. नुरझातने तीनदा समजावलं. बाकांवर जांभया. झूरा मात्र फळ्याजवळ गेली.

"अरे, तुम्ही घोडीचं दूध पिता ना? उन्हाळ्यात शिंगरांना काय करता? जमिनीत खुंट्या ठोकता, दोरी ताणता, शिंगरं बांधता. शिंगरू इकडं दोन पावलं, तिकडं दोन पावलं. दोरीपुरतं नाचणार, डोंगरावर नाही जाणार. डॉलर ही खुंटी. हे नाणं शिंगरू."

"आणि खुंटी उपटली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर त्या दिवशी मी तुम्हाला नवीन बातमी आणून देईन," नुरझात म्हणाली. आणि तिने झूराकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

त्याच नुरझातने तिला रेडिओची गोष्ट सांगितली. तालुक्याच्या रेडिओला माणूस हवं होतं. रोज दुपारी इंग्रजीतून येणाऱ्या आभासी चलनाच्या बातम्या आपल्या भाषेत करायच्या आणि सहा मिनिटं स्वतःच वाचायच्या.

"मी?" झूरा म्हणाली. "मी तर कुजबुजणारी बाई."

पण त्या रात्री तिला झोप आली नाही. सत्तावीस वर्षं तिचा आवाज फार तर सहा पावलं गेला होता, कुणातरी नटाच्या कानापर्यंत. टाळ्या झाल्या त्या त्याच्या. तिचं त्याबद्दल गाऱ्हाणं नव्हतं, पेटीतलं सुख पेटीतल्यालाच कळतं. पण एकदा, मरायच्या आधी एकदा, आपला आवाज या गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेलेला आपण ऐकावा, असं तिला वाटलं. इतकं वाटलं की तिने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला.

रेडिओचे संपादक कुबात राजधानीत वाढलेले गृहस्थ, गाव त्यांना बाइके, म्हणजे दादा, म्हणायचं. घरात रशियन बोलून मोठे झालेले, गावची भाषा त्यांनी पुस्तकातून उचललेली. दुपारी टेबलावर गरम सामसा, म्हणजे भट्टीत भाजलेला समोसा, ठेवून काम करायचे. त्यांनी झूराचं लेखी भाषांतर वाचलं आणि सामसा खाणं थांबवलं.

"एजे, हे सुंदर आहे. शिंगरू, खुंटी... मला स्वतःला हे आज पहिल्यांदा कळलं. पण मध्ये मध्ये जागा का सोडल्यात?"

"त्या वाचताना भरेन," झूरा घाईने म्हणाली.

माईकसमोर बसून तिने वाचायला सुरुवात केली. "आजची कालपर्यंत नसलेली बोलणी. गर्दीच्या जागेत आज पिवळी वधारली..."

कुबात बाइकेंनी हात वर केला. "काय वधारली?"

"पिवळी."

"पिवळी कोण? एजे, मूळ इंग्रजीत इथे गोल्ड आहे. तुम्हाला सोन्याला काय म्हणतात ते माहीत नाही?"

 आता गंमत पाहा. आपल्याला हा शब्द का म्हणता येत नाही हे सांगायचं, तर आधी सासऱ्याचं नाव सांगायला हवं; त्या नावाचा विषयसुद्धा सुनेने परक्यापुढे काढायचा नसतो. आणि नाव सांगता आलं असतं तर शब्दही सांगता आला असता! ती लाल झाली, हात चोळत बसली. कुबात बाइकेंना वाटलं, बिचारी घाबरली. अवघड शब्द घोकून आलीय, सोपे विसरली.

"हे पाहा," ते मऊपणे म्हणाले, "शुक्रवारी पुन्हा या. सोन्याला सोनं, बाजाराला बाजार, बातम्यांना बातम्या, सरळ म्हणायचं. तुम्ही नाही म्हणालात तर राजधानीतल्या एका मुलीचा अर्ज आलाय."

सासू, म्हणजे अयिमकान एने, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचा रेडिओ सकाळी कोंबड्याबरोबर सुरू व्हायचा. सगळं गाव तिला एने, म्हणजे आई, म्हणायचं, आणि तिला भीत नसेल असा माणूस गावात नव्हता. गुरुवारी झूरा चुलीपाशी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. गेलेल्यांच्या नावाने गुरुवारी तेलाचा वास काढायचा असतो, तो वास त्यांच्यापर्यंत पोचतो.

"केलिन," सुनेला हाक मारत एने म्हणाली, "रेडिओवाल्याकडं काय झालं? बेकरीतली सांगत होती, तू रडत बाहेर आलीस."

"रडत नव्हते, एने. वारा होता."

"वारा तुझ्याच डोळ्यात बरा गेला."

मग झूराने सगळं सांगितलं. शेवटी खाली मान घालून विचारलं, "म्हणू का, एने? एकदाच?"

 तिचे पुढचे चार दात सोन्याचे, चुलीच्या उजेडात चमकणारे.

"मला काय विचारतेस? तो माझा नवरा. सासष्ट वर्षं झाली, मी तरी कुठं म्हटलंय? चार दात तोंडात घेऊन हिंडतेय, तोंडातून शब्द एकदा काढला नाही." तिने जिभेने दात चाचपले. "त्या परक्या भाषेत त्याला काय म्हणतात गं?"

"गोल्ड."

"गो...ल्ड," एने म्हणाली. इकडेतिकडे पाहिलं. परत म्हणाली. तिच्या तोंडावर सुरकुत्यांचं जाळं हललं. "एवढंसंच? आणि तो रागावत नाही?"

"इंग्रजी येत नव्हतं ना त्यांना."

"हं. तर त्यालाच विचार. आज गुरुवारच आहे." आणि तिने स्वतःच कढईवरच्या धुराकडे तोंड केलं. "ऐक रे म्हाताऱ्या! तुझी सून रेडिओवर बोलणार म्हणते. तुझा शब्द तिला पाहिजे. देतोस का?"

तेल तडतडलं. दोघी थांबल्या.

"काय म्हणाले?" झूराने हळूच विचारलं.

"जिवंतपणी तरी लगेच उत्तर द्यायचा का तो? विचार करतोय."

शुक्रवारी झूरा माईकसमोर बसली तेव्हा उत्तर आलेलं नव्हतं. तिने ठरवलं होतं, डोळे मिटून म्हणून टाकायचं. तोंड उघडलं. समोर तिसरी रांग दिसली, गुडघ्यावरची पांढरी टोपी दिसली. जीभ टाळूला चिकटली. आणि जेव्हा ती सुटली तेव्हा तिने आपली वाट स्वतःच काढली.

"आजच्या न्यूज. मार्केटमध्ये आज गोल्ड वधारलं. खुंटीला बांधलेली नाणी दोरीपुरतीच हलली..."

कुबात बाइकेंनी कपाळाला हात लावला. "एजे! जगात कुणाला न येणारे शब्द तुम्ही आपल्या भाषेत करता, आणि दोन वर्षांच्या पोराला येणारे इंग्रजीत ठेवता. का?"

"माझ्या एनेला फोन लावा," झूरा म्हणाली. दुसरं काही तिला सांगताच येत नव्हतं.

फोन लागला. एने ओरडूनच बोलायची, तेव्हा खोलीत सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"तू कुणाचा रे?"

"मी कुबात, संपादक. एने, तुमच्या सूनबाईंना सोनं म्हणायला काय अडचण आहे?"

"अडचण तिलाच नाही, मला पण आहे. जे माझ्या दातांत आहे तेच तिच्या सासऱ्याच्या नावात होतं. कळलं?"

"दातांत... काय आहे?"

"अरे बाबा, दातांत चमकतंय ते! तुझ्या बायकोला तुझ्या बापाचं नाव घ्यायला लावतोस काय?"

 कुबात बाइकेंचे ओठ हलले. ते रेडिओवर रोज गावातल्या वारलेल्यांची नावं वाचायचे, आणि चार वर्षांपूर्वीचं एक नाव त्यांना आठवलं. "अल्तिन... बाय? अल्तिनबाय आजोबा?"

"तू म्हणालास," एने म्हणाली. "आम्ही नाही म्हणालो." आणि फोन ठेवला.

कुबात बाइके आधी हसले, मग गंभीर झाले, मग परत हसले. शेवटी म्हणाले, "पण एजे, बातमीपत्र आपल्या भाषेतलं आहे, त्यात गोल्ड चालणार नाही. वरून विचारतील. आता काय, तुमच्या जागी मी म्हणू?"

ते चेष्टेने म्हणाले होते. झूराने मात्र मान वर केली.

"म्हणाल?"

"काय?"

"मी बोट उचललं की म्हणायचं. आधी नाही, नंतर नाही. मी श्वास घेते तेवढ्यात. मी ते सत्तावीस वर्षं दुसऱ्यांसाठी केलंय, बाइके. अवघड नाही. फक्त लक्ष कागदावर पाहिजे, सामशावर नको."

राजधानीतल्या मुलीचा अर्ज कुबात बाइकेंनी दोन दिवस टेबलावर ठेवला होता. तो त्यांनी पत्र लिहून परत केला.

सोमवारी दुपारी कोक-जारमध्ये रेडिओ लागला. एक जाड, उबदार, कधीच न ऐकलेला बाईचा आवाज. "आजच्या..." आणि लगेच एका पुरुषाचा, जरा दचकल्यासारखा, "बातम्या." मग बाई, "आज..." पुरुष, "बाजारात..." बाई, जरा वाट पाहून, "पिवळ्या धातूपेक्षा..." पुरुष घाईने, "सोन्यापेक्षा!" बेकरीत लोक हातातली भाकरी तशीच धरून उभे राहिले. यंत्रांच्या शेडमधल्या पोरांनी दार बंद करून घरघर कमी केली. शिंगराची दोरी आली तेव्हा म्हातारे मान डोलवायला लागले. गल्लीच्या त्या टोकाला तुरसुन ट्रकची काच खाली करून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमच्या घरची आहे."

आता ते बातमीपत्र रोज दुपारी होतं. कुबात बाइकेंचा सामसा रोज थंड होतो. संपादक म्हणून ते चांगले आहेत, पेटीतला माणूस म्हणून मात्र अजून कच्चे. आठवड्यातून एकदा तरी त्यांचं लक्ष उडतं. झूराचं बोट वर जातं आणि रेडिओवर शांतता पसरते. एक क्षण, दोन क्षण. मग कोक-जारच्या स्वयंपाकघरांतून, बेकरीतून, शेडमधून, बसथांब्यावरून एकदम आवाज उठतो. सगळे रेडिओकडे तोंड करून ओरडतात, "सोनं!"

झूराला ते ऐकू येत नाही, ती काचेच्या आत असते. पण ती थांबते मात्र तेवढाच वेळ, जेवढा गावाला लागतो.

आणि चुलीपाशी बसलेली एने सगळ्यांच्या शेवटी, आपल्यापुरतं, चारही दात दाखवत म्हणते, "गोल्ड."